फेमके म्हणजे काय? मुलीच्या नावाचा शोध आणि डच फोरनामेनबँक

लेकीचं नाव फेमके ठेवलं, तेव्हा फोनवर आईने पहिला प्रश्न विचारला, "छान आहे गं, पण अर्थ काय?"

मराठी घरात हा प्रश्न यायचाच. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत निदान शंभर नावं चाळली जातात आणि प्रत्येकासमोर अर्थ लिहिलेला असतो. इथे नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते. बाळंतिणीच्या खोलीत गुलाबी बडीशेपेचे दाणे पेरलेली टोस्ट वाटली जात असतानाच नवरा नोंद करून आला. नाव आधीच ठरलेलं होतं. माझ्या सासूबाईंच्या आईचं नाव फेमके. सासर फ्रीसलंडचं, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या, स्वतःची फ्रिशियन भाषा असलेल्या प्रांतातलं. तिथे आजी-पणजीचं नाव मुलीला द्यायची रीत जुनी आहे आणि तिच्यासाठी डचमध्ये वेगळं क्रियापदच आहे. आईचा प्रश्न मी सासूबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव आहे. अजून काय अर्थ हवा?"

मला ते उत्तर आवडलं, पण आईला ते पुरणार नव्हतं.

मग आली फरशी. बाळाचं नाव लिहिलेली चिनीमातीची फरशी भिंतीवर लावायची इथे पद्धत आहे. एका ऑनलाइन दुकानातून (नाव देत नाही) मी ती मागवली, टपालखर्च धरून 32 युरो पडले. काम सुबक होतं. पांढऱ्यावर निळी नक्षी, कोपऱ्यात फ्रीसलंडच्या झेंड्यावर असतात तशी लाल पानं. ती पानं बदामासारखी दिसतात, पण आहेत पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदाची. मधे मोठ्या अक्षरात फेमके आणि खाली बारीक अक्षरांत "फ्रिशियन नाव. अर्थ: लहान मुलगी." मी लगेच फोटो काढून आईला पाठवला. प्रश्न मिटला असं वाटलं.

सासूबाईंनी फरशी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाल्या, "मुलगी म्हणजे फामके. ही फेमके आहे." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "माझ्या आईच्या काकांचं नाव फेमे होतं. चांगला सहा फुटी शेतकरी. त्यांना काय 'मुलगी' म्हणून हाक मारत होते?"

त्या एका वाक्याने मला फोरनामेनबँकेपर्यंत नेलं. हा अनुभव लिहिते आहे तो त्या सेवेबद्दलच. इथे राहणाऱ्या मराठी घरांत डच-फ्रिशियन नावांची मुलं आता बरीच आहेत, आणि प्रत्येक आजी तोच प्रश्न विचारत असणार.

नेडरलँड्से फोरनामेनबँक म्हणजे नेदरलँड्समधल्या पाळण्यातल्या नावांचा ऑनलाइन कोश. ॲमस्टरडॅमची मेर्टेन्स इन्स्टिट्यूट ही संस्था तो चालवते. डच भाषा आणि लोकजीवन हा तिच्या संशोधनाचा विषय. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. एक चौकट दिसते, तिच्यात नाव टाकायचं. मग कळतं की हे नाव किती बायकांचं आणि किती पुरुषांचं आहे, पहिलं नाव म्हणून किती आणि दुसरं-तिसरं म्हणून किती. (इथे एका माणसाला दोन-तीन पाळण्यातली नावं सर्रास असतात.) 1880 पासूनचा लोकप्रियतेचा आलेख असतो, कुठल्या भागात नाव जास्त आढळतं त्याचा नकाशा असतो आणि उगमाचं स्पष्टीकरण असतं.

स्पष्टीकरण वाचायला थोडी चिकाटी लागते, हे आधीच सांगते. जुन्या शब्दकोशांसारखी त्याची बांधणी आहे. फेमकेचं मूळ शोधताना फेम, फेमे अशा धाकट्या रूपांवरून एकेक पायरी खाली उतरावं लागतं आणि मग तळाशी मूळ धातू सापडतो. मी रात्री बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने फोनवर हे करत होते. तळाशी पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. फेमे हे जुन्या जर्मानिक जोडनावांचं घासून उरलेलं लाडकं रूप आहे, आणि त्या जोडनावांचा पहिला भाग आहे 'फ्रिथु'. म्हणजे शांतता, सलोखा. डचमध्ये आज 'फ्रेडे' म्हणतात, जर्मनमध्ये 'फ्रीडे'. फ्रेडरिक या नावात तोच शब्द बसलेला आहे.

आता 'फ्रिथु'चं 'फेम' कसं झालं, हे फ्रिशियन माणसाला समजावून सांगावं लागेल, मराठी माणसाला नाही. आपण पांडुरंगाचा पांडू केला, विठ्ठलाचा विठू, सावित्रीची साऊ. भारदस्त नाव घरात आलं की त्याचा पहिला तुकडा उरतो आणि त्याला लाडाचं शेपूट लागतं. जर्मानिक लोकांची जुनी नावंही अशीच दोन शब्दांची जोड असत. त्यात 'शांतता', 'विजय', 'लोक', 'रक्षक' असे शब्द एकमेकांना जोडलेले. ती हाका मारताना मोडली. सिगवार्ड, म्हणजे विजय आणि रक्षक, याचा फ्रीसलंडमध्ये शूर्ड झाला. 'फ्रिथु'च्या नावांतला 'र' गळाला. हा 'र' खरंच गळतो याचा पुरावा हवा असेल तर फेडे हे नाव पाहा. ते पुरुषाचं नाव आणि तेही 'फ्रिथु'चंच. लहान मूल फ्रॉकला फॉक म्हणतं, तसंच हे. मोठ्या माणसांनी ते मुलांकडून उचललं आणि मग बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलं.

उरलेला 'के' म्हणजे चिमुकलेपणाचा प्रत्यय. फ्रिशियनमध्ये बायकांची कितीतरी नावं पुरुषांच्या नावाला असा प्रत्यय लावून तयार झाली आहेत. बाउकेची बाउक्ये, येलेची येल्ट्ये, शूर्डची शूर्ड्ये. मुलगा नसला तरी आजोबांचं नाव मुलीकडून चालू ठेवता येत असे, हा त्यातला घरगुती फायदा. म्हणून आमच्या फेमकेचा अर्थ अक्षरशः लावायचा तर 'शांततेचं छोटंसं रूप' असा काहीसा होईल. शेवटचा 'के' आपल्या 'के'सारखा लांब उच्चारत नाहीत. तो 'केलं', 'गेलं'मधल्या शेवटासारखा हलका असतो, 'फेम्कं'. डच लोकांना सांगून कळत नाही, पण माझ्या आईने तो पहिल्या झटक्यात बरोबर म्हटला.

फरशीवाल्यांचा 'लहान मुलगी' हा अर्थ कुठून आला तेही सांगते, कारण तो हवेतून आलेला नाही. फ्रिशियनमध्ये मुलीला 'फाम' म्हणतात आणि छोट्या मुलीला 'फामके'. एका स्वराचा फरक. ऐकणाऱ्याचं मन जवळच्या शब्दाकडे धावतं आणि अर्थ चिकटवून मोकळं होतं. फामके हेही नाव म्हणून वापरलं जातं आणि त्याचा अर्थ खरोखरच मुलगी असा आहे, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का होतो. पण सासूबाईंचा फेमेकाका या सगळ्याला पुरून उरतो. बँकेत फेमे टाकून पाहा, पुरुष दिसतील. फ्रेंचमध्ये हीच अक्षरं 'स्त्री' असा अर्थ देतात, म्हणून परके लोक हसतात, पण दोघांचा काही संबंध नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी मला फार आवडली. फ्रिशियनमध्ये 'फामके' नपुंसकलिंगी आहे, 'ती फामके' नव्हे तर 'ते फामके'. डचमध्येही मुलीसाठीचा शब्द तसाच आहे, आणि डच शिकताना वर्गातले इतर देशांचे लोक यावर अडखळायचे. मुलगी असून नपुंसकलिंग कसं? मला काहीच वाटलं नाही. आपलं लेकरू, पोर, मूल, पिल्लू, सगळं 'ते'च तर असतं.

आलेखाकडे वळते. फेमकेची रेघ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ जमिनीला टेकलेली आहे, आणि शतकाच्या शेवटच्या दशकांत ती वर चढते. म्हणजे सासूबाईंच्या आईच्या पिढीत हे नाव फारसं कोणाचं नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याच्या पिढीनंतर देशभर पसरलं. सासूबाईंना तो आलेख दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. आईच्या जन्मवर्षावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे कुठेतरी ती आहे." रेघ तिथे इतकी खाली होती की बोटाखाली दिसेनाशी झाली.

फ्रीसलंडच्या बाहेर हे नाव आधीपासून ओळखीचं होतं त्याला साहित्यही कारणीभूत आहे. मुल्टाटुली या एकोणिसाव्या शतकातल्या डच लेखकाच्या वाउटर्त्ये पीटर्सेच्या गोष्टीत फेमके नावाची परटिणीची मुलगी आहे, आणि त्या दोघांचा पुतळा ॲमस्टरडॅमच्या नोर्डरमार्क्ट चौकात उभा आहे. आज ॲमस्टरडॅमच्या महापौर फेमके हाल्सेमा आहेत, 2018 पासून. अडथळ्यांच्या शर्यतीत गाजलेली फेमके बोल आमर्सफोर्टची, म्हणजे फ्रिशियन नाही. बर्फावरची फेमके कॉक मात्र इथली, नाय बेट्स गावची. तिची शर्यत असली की आमच्या घरात जेवण उशिरा होतं.

फोरनामेनबँकेला मर्यादा आहेत आणि त्या समजून घेतल्या तरच तिचा उपयोग होतो. मजकूर डचमध्ये आहे, म्हणून भाषा न येणाऱ्याला शेजारी कोणीतरी हवं. पाचपेक्षा कमी लोकांचं नाव असेल तर नेमका आकडा देत नाहीत, फक्त 'पाचहून कमी' असं दिसतं, कारण इतक्या थोड्यांत माणूस ओळखता येतो. मला हे योग्य वाटतं. आणि ही सेवा नावाबद्दल सांगते, तुमच्या घरातल्या माणसाबद्दल नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं.

ते दुसरं ठिकाण म्हणजे आले फ्रीझन, 'सगळे फ्रिशियन'. फ्रीसलंडमधल्या अभिलेखागारांनी मिळून चालवलेलं हे संकेतस्थळ आहे, प्रांताची राजधानी लेवार्डन इथलं ट्रेझोर हे अभिलेखागार त्यात आहे. तेही मोफत. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या सरकारी नोंदी शोधता येतात आणि कित्येकदा मूळ पानाचं चित्रच समोर येतं. जन्माची नोंद शंभर वर्षांनी सार्वजनिक होते, विवाहाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी. सासूबाईंच्या आईची नोंद मिळाली. पण गंमत अशी की ती फेमके म्हणून शोधून मिळाली नाही. लिहिणाऱ्या कारकुनाने फेमक्ये असं लिहिलं होतं. फ्रिशियन हाकेतलं नाव डच कागदावर उतरताना असं व्हायचं, म्हणून शोधताना दोन-चार स्पेलिंगं करून पाहा. शेजारच्या ड्रेंटे प्रांतात हेच नाव फेमिख्ये होऊन बसलं आहे. जुन्या रूपांसाठी योहान विंक्लर यांची 1898 ची फ्रिशियन नावांची यादीही बघण्यासारखी आहे. विंक्लर लेवार्डनचे डॉक्टर आणि भाषेचे अभ्यासक.

आणखी मागे गेलं की आडनावंच संपतात. 1811 मध्ये नेपोलियनच्या हुकुमाने सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं. त्याआधी इथल्या बहुतेक लोकांची ओळख स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढीच असे. शूर्डची मुलगी फेमके म्हणजे फेमके शूर्ड्स. आपल्या कागदपत्रांतलं मधलं नाव जसं, तसंच. आणि आडनावं घेतली ती कशी? डाइकस्ट्रा म्हणजे बांधाजवळ राहणारा, टेर्पस्ट्रा म्हणजे पुरापासून वाचायला रचलेल्या मातीच्या उंचवट्यावरचा, हुकस्ट्रा म्हणजे कोपऱ्यावरचा. शेवटचा 'स्ट्रा' म्हणजे तिथला राहणारा. आपला 'कर'. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हापासून तो माझ्या आडनावाकडे जरा वेगळ्या आपुलकीने बघतो.

'फ्रिथु'कडे एकदा परत जाते, कारण या शोधात मला एक माणूस भेटला. लेवार्डनच्या झाइलंड चौकातून मी बाळाची गाडी ढकलत रोज जाते. 16 नोव्हेंबर 1951 ला, शुक्रवारी, तिथे न्यायालयासमोर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कवी आणि पत्रकार फेडे शूरर यांच्यावर खटला चालू होता. न्यायालयात फ्रिशियन बोलू न देणाऱ्या न्यायाधीशावर त्यांनी कडक शब्दांत लिहिलं होतं. त्या दिवसाला इथे 'लाठ्यांचा शुक्रवार' म्हणतात. त्यानंतर, 1956 मध्ये, न्यायालयात फ्रिशियन बोलण्याला कायद्याने जागा मिळाली. शूरर युद्धविरोधी होते आणि त्या मतांसाठी त्यांनी तरुणपणी शिक्षकाची नोकरी गमावली होती. त्यांचं नाव फेडे. शांतता. माझ्या मुलीच्या नावाचंच सख्खं भावंड. हे कळल्यापासून त्या चौकात माझी चाल आपोआप मंदावते.

आता फरशीचं काय झालं ते. मी दुकानाला पत्र लिहिलं, भांडण न करता, मूळ सगळं समजावून. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं की इंटरनेटवर अनेक ठिकाणी हाच अर्थ दिलेला आहे आणि आजवर कोणाची तक्रार आली नाही. मला याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. भिंतीवर भाजून पक्कं केलेलं अक्षर पन्नास वर्षं टिकतं. ज्या मुलीच्या उशाशी ते टांगायचं, तिला ते खरं म्हणून वाचायचं असतं. नावांचे अर्थ विकणाऱ्याने निदान एकदा तरी कोश उघडावा, एवढीच माझी अपेक्षा होती. नवीन फरशी त्यांनी अर्ध्या किमतीत करून दिली. या वेळी मी अर्थ लिहूच नका म्हटलं. नाव, आणि खाली दोन वर्षं, पणजीच्या जन्माचं आणि पणतीच्या जन्माचं.

फोरनामेनबँकेला मी पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा तारा राखला तो फक्त उच्चार ऐकवायची सोय मला हवी होती म्हणून. आपलं मूल ज्या भाषेतलं नाव घेऊन वाढणार आहे तिचा आवाज परगावच्या आजी-आजोबांना ऐकवता आला असता. तरीही मुलाचं नाव ठरवायच्या आधी, फरशी किंवा जन्माचं कार्ड छापायला टाकायच्या आधी इथे दहा मिनिटं घालवा. 'अर्थ' या रकान्यात एकच गोड शब्द देणाऱ्या याद्या बाजूला ठेवा. इथे अर्थाबरोबर तो कसा लागला ती वाटही दिसते.

आईला शेवटी सगळं सांगितलं. फ्रिथु, फेडे, गळालेला 'र', सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपली शांता की गं!" तेव्हापासून व्हिडिओवर ती नातीला शांते म्हणूनच हाक मारते. परवा सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं ही शांता कोण. फ्रिशियनमध्ये वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणत नाहीत, नात्याच्या नावानेच बोलतात, म्हणून मी म्हटलं, "आईंच्या आईचंच नाव आहे, फक्त आमच्या भाषेत." त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला, मग पेन्सिल मागितली आणि पाळण्याशेजारच्या वहीत, जिथे दुधाच्या वेळा लिहितो तिथे, आपल्या अक्षरात लिहून ठेवला.